खुर्द्याचा हिशेब : युद्धपट आणि सामान्य शिपाई

शिक्षक पानिपतचा किंवा सिंहगडचा धडा शिकवावयास वर्गात उभा राहतो, त्यापूर्वीच विद्यार्थ्यांनी ते युद्ध पडद्यावर पाहिलेले असते. पुस्तकातील पानिपत नंतर येते. आधी आलेले पानिपत चित्रपटाचे असते, आणि मनात तेच ठाण मांडून बसते. म्हणून युद्धपटातील ऐतिहासिक सत्य हा प्रश्न केवळ चित्रपटवाल्यांचा नव्हे, तो आम्हा अध्यापकांचाही आहे. बडोद्यास तर हा विषय दुहेरी नात्याने जवळचा आहे. दादासाहेब फाळके येथील कलाभवनात शिकले होते; आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी येथील राजसेवेत असतानाच ‘मराठी रियासती’च्या लेखनास आरंभ केला. चित्रपट आणि इतिहास या दोन विद्यांची पाळेमुळे या एकाच नगरीत शोधता येतात. त्या दोहोंची गाठ जेथे पडते, त्या युद्धपटाविषयी काही विचार मांडण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांस एका सावकारी पत्रातून कळली, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. त्या पत्रात गेलेल्या माणसांची गणती सांकेतिक भाषेत केली होती. विश्वासराव आणि भाऊसाहेब ही दोन मोत्ये. मोठे सरदार त्या मोहरा. आणि बाकीचे सारे सैन्य म्हणजे रुपये व खुर्दा, ज्याची गणतीच नाही. सावकाराच्या या रूपकात दुष्टपणा नाही. त्या काळची समाजदृष्टीच तशी होती. प्रश्न असा की, अडीचशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर आपले युद्धपट तरी त्या खुर्द्याचा हिशेब घेतात काय? आमचे उत्तर असे की, क्वचितच घेतात. आणि ऐतिहासिक सत्याच्या नावाने आपण जी चर्चा करतो, तीही बहुधा मोती आणि मोहरांपुरतीच असते.

युद्धपट ऐतिहासिकदृष्ट्या अचूक आहे की नाही, हे ठरविताना आपण सामान्यतः काय पाहतो? पगडीची ठेवण, तलवारीची मूठ, किल्ल्याचा दरवाजा, तिथी आणि नावे. ही अचूकता हवीच. तिच्याविषयी हयगय करणाऱ्या निर्मात्यास आम्ही क्षमा करू इच्छीत नाही. तथापि ही सत्याची पहिली पायरी झाली. शिपाई काय खात होता, त्यास वेतन कोण व केव्हा देत होते, घरी त्याची शेती कोण पाहत होते, तो कशास भीत होता, हे ज्या चित्रपटात नाही, त्यातील पगडी कितीही बिनचूक असली, तरी तिच्याखाली माणूस नसतो.

हे साधणे आपल्या कलावंतांच्या आवाक्याबाहेरचे होते, असे मात्र म्हणता येत नाही. बाबूराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ १९२३ चा, आणि ‘सावकारी पाश’ १९२५ चा. दोहोंमध्ये अवघे दोन वर्षांचे अंतर. दुसऱ्या चित्रपटात त्यांनी कर्जापायी जमिनीस मुकलेला आणि शहरात मजुरी करावयास गेलेला शेतकरी दाखविला. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ अनेक अभ्यासक तेथूनच मानतात. आता, मावळा म्हणजे तरी कोण? पेरणी उरकून हत्यार उचलणारा शेतकरीच तो. परंतु ‘सावकारी पाशा’तला तो शेतकरी पुढे आपल्या युद्धपटांत फारसा शिरलाच नाही. शेतात तो माणूस राहिला. गडावर चढताच त्याची घोषणा झाली.

एक उदाहरण घेऊ. मराठी घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराचा घोडा सरकारचा; शिलेदाराचा स्वतःचा. बारगिराचा घोडा पडला, तर सरकारचे नुकसान. शिलेदाराचा घोडा पडला, तर त्याची रोजीच बुडाली. अशा स्वाराने घाव घालण्यापूर्वी घोड्याचा विचार केला, तर त्यास भ्याड म्हणावे काय? या एका व्यवहारात केवढे नाट्य साठविलेले आहे! तथापि पडद्यावरचे सर्व स्वार सारख्याच निश्चिंत मनाने घोडे फेकतात. घोडा कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

आता खुद्द पानिपताकडे वळू. आशुतोष गोवारीकर यांचा ‘पानिपत’ हा हिंदी चित्रपट २०१९ मध्ये प्रदर्शित झाला. त्याची भव्यता आम्हांस मान्य आहे. पराभवाचा विषय निवडण्याचे धैर्यही मान्य आहे. परंतु त्याचा जीव गुंतला आहे तो भाऊसाहेब आणि पार्वतीबाई यांच्या कथेत. वस्तुतः १४ जानेवारी १७६१ च्या त्या रणापूर्वी दोन महिन्यांहून अधिक काळ मराठी छावणी कोंडली गेली होती. गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदेची मोठीच आशा मावळली. लढणाऱ्यांबरोबर बुणगे, यात्रेकरू आणि बायकापोरे यांची पोटे होती. जनावरांस वैरण नव्हती. अखेरीस, दोन दिवस पोटात अन्न नाही, असे झुरून मरण्यापेक्षा लढून मरू द्या, असा आग्रह सरदारांनी व शिपायांनी भाऊसाहेबांच्या डेऱ्याभोवती जमून धरला, असे शुजाच्या पदरी असलेल्या काशीराजाच्या वृत्तांतात आहे. ते तोंडास हळद फासून बाहेर पडले, असेही तो लिहितो. म्हणजे त्या दिवशीच्या लढाईचा निर्णय काही अंशी उपाशी शिपायांचा होता. चित्रपटात उपासमार येते ती सेनापतीपुढील अडचण म्हणून. निर्णय नायकाचा राहतो. तारीख चुकलेली नाही, पण कर्ता बदलला. आणि हा बदल आमच्या मते अधिक मोठा आहे.

या चित्रपटावर वादही झाला. राजा सूरजमल यांच्या चित्रणाने राजस्थानात संताप उसळला आणि निर्मात्यांस काही भाग गाळावा लागला. एका राजाच्या मानासाठी लोक रस्त्यावर आले. छावणीत उपाशी मेलेल्या बुणग्यांचे चित्रण अपुरे आहे, म्हणून कोणी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्यांचे वंशजही असतीलच. पण खुर्द्याची वंशावळ कोण ठेवतो?

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सामान्य शिपायाविषयी साधनेच नाहीत. हे खरे नाही. बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर याच सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. दप्तरांतील हिशेब, तक्रारी आणि पत्रे यांतून वैरण, चंदी, नालबंदी, थकलेला रोजमुरा हे विषय हरघडी भेटतात. साधने आहेत, ती पटकथाकाराच्या टेबलापर्यंत पोहोचत नाहीत, एवढेच. दुसरा आक्षेप असा की, प्रेक्षकांस शौर्य हवे, दारिद्र्य नको. यास उत्तर परदेशात सापडते. रेमार्कच्या कादंबरीवरून लुइस माइलस्टोन यांनी १९३० मध्ये केलेल्या चित्रपटात एका मरणोन्मुख सैनिकाचे चांगले बूट दुसऱ्याकडे, त्याच्याकडून तिसऱ्याकडे जातात. त्या बुटांच्या प्रवासात पहिले महायुद्ध जेवढे कळते, तेवढे नकाशांनी कळत नाही. तो चित्रपट प्रेक्षकांनी टाकला नाही. जगाने तो डोक्यावर घेतला.

मराठीत या दिशेने पावले पडलीच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘पावनखिंड’ (२०२२) या चित्रपटाने बाजीप्रभूंबरोबर बांदलांच्या सेनेस पुढे आणले, आणि महाराजांचे सोंग घेऊन मरण पत्करणाऱ्या शिवा काशीद यास मानाचे स्थान दिले. हे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो. उणीव एवढीच भासते की, ही माणसे पडद्यावर येतात तीच हुतात्मे होऊन. त्यांची भीती, थट्टा, भूक आणि घरची ओढ यांस पुरेशी जागा मिळत नाही. जो भीतच नाही, त्याच्या धैर्याची किंमत प्रेक्षकांस कशी कळावी?

शेवटी आमच्या घरातील एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे विवेचन प्रामाणिक ठरणार नाही. दमाजी गायकवाड पानिपतावर लढले, जखमी झाले आणि परत आले. याचा बडोदेकरांस सार्थ अभिमान आहे. परंतु गारद्यांच्या शिस्तबद्ध गोळीबाराशी न जुळणारी घोडदळाची पथके त्या दिवशी अधीर होऊन पुढे सरकली, असेही इतिहासकार सांगतात, आणि त्यांत गायकवाडांच्या पथकाचे नाव घेतले जाते. उद्या कोणी हे पडद्यावर दाखविले, तर आपण ते शांतपणे पाहू काय? की आपणही राजस्थानाप्रमाणे कात्री मागू? दुसऱ्याच्या राजाविषयी सत्य हवे आणि आपल्या सरदाराविषयी गौरव हवा, ही वृत्ती जोवर आपल्यात आहे, तोवर निर्मात्यास दोष देण्याचा आपला अधिकार अर्धाच आहे. शिवाय त्या अधीर स्वारांतही बारगीर होते, शिलेदार होते, उपाशी घोडे होते. त्यांची चूक समजून घेतली, तर ती लाजिरवाणी न वाटता मानवी वाटेल.

म्हणून अध्यापक-बंधुभगिनींस आमची एकच विनंती आहे. विद्यार्थी युद्धपट पाहून आले, की त्यांस तिथी विचारण्याआधी एवढे विचारावे : त्या सैन्यात सकाळी कोण काय जेवले होते? घोडा कोणाचा होता? मेलेल्याच्या घरी बातमी कोणी नेली? चित्रपटात याची उत्तरे नसतील, तर ती दप्तरांतून शोधण्यास त्यांस लावावे. यातून उद्याचा एखादा पटकथाकार निघेल, अथवा निदान अधिक चोखंदळ प्रेक्षक तरी निघेल. सावकाराने खुर्दा मोजला नाही, कारण ते त्याचे काम नव्हते. इतिहासाचे आणि कलेचे ते काम आहे.