गोष्टीआधीची वही

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कादंबरीतला नवा हुप्प्या टोळी बळकावतो, पिले मारतो. हे क्रौर्य कल्पित नव्हे. धारवाडजवळच्या वानरांत सुगियामा या जपानी संशोधकाने १९६०च्या दशकात ते नोंदले होते. माडगूळकरांनी वानरांना नावे दिली. त्यामुळे वाचक त्यांना माणसांचे हेतू चिकटवतो, हा धोका खरा. पण वागणे वानराचेच राहते. लेखकाचे स्वातंत्र्य नावे देण्यापुरते. निरीक्षणात सूट नाही.

वसई-विरारच्या शिक्षकांनी मुलांना समुद्राची गोष्ट लिहायला सांगण्यापूर्वी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर आठवडाभर भरतीची वेळ टिपायला लावावी. ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मग गोष्टीतल्या कोळ्याला रोज सकाळी सहालाच भरती मिळणार नाही.