कामकरी हाच मालक : दोन ग्रंथांची साक्ष

सहकार हा शब्द महाराष्ट्रात इतका परिचयाचा झाला आहे की, तो कानी पडताच त्याचा अर्थ आपणांस कळला असे आपण गृहीत धरतो. पतपेढी, दूधसंघ, साखर कारखाना ही त्याची रूपे तर आपल्या अंगणातलीच. परंतु यंत्रापाशी उभा राहणारा मनुष्य हाच कारखान्याचा मालक, अशा सहकाराशी आपली ओळख फारशी नाही. ती करून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकाने दोन इंग्रजी ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, असे आम्ही सुचवितो. पहिला, विल्यम फूट व्हाइट व कॅथलीन किंग व्हाइट ह्या दांपत्याचा ‘मेकिंग मोंद्रागॉन’ (1988); दुसरा, शॅरिन कॅसमिर ह्या विदुषींचा ‘द मिथ ऑफ मोंद्रागॉन’ (1996). दोहोंतील गाव एकच आहे. निष्कर्ष मात्र बहुतांशी परस्परविरुद्ध आहेत. नुसता पहिला वाचणारा भाबडा होण्याचा संभव आहे, नुसता दुसरा वाचणारा निराश होण्याचा.

मोंद्रागॉन हे स्पेनच्या उत्तरेस, बास्क प्रदेशात, डोंगरांच्या कुशीत वसलेले गाव. यादवी युद्धाने होरपळलेल्या ह्या गावी 1941 साली होसे मारिया अरिस्मेन्दियारिएता नावाचे तरुण धर्मगुरू आले. त्यांनी आधी कारखाना काढला नाही. 1943 साली मुलांना धंदेशिक्षण देणारी एक शाळा काढली. तिच्यातून पुढे आलेल्या पाच तरुणांनी 1956 साली ‘उल्गोर’ हा कारखाना स्थापिला आणि त्यात स्टोव्ह तयार होऊ लागले. 1959 साली ‘काहा लाबोराल’ ही सहकारी बँक निघाली व नव्या कारखान्यांस भांडवल मिळण्याची सोय झाली. आज त्या एका रोपट्याचा विस्तार सुमारे 80 सहकारी संस्था व सुमारे 70,000 कामकरी इतका झाला आहे.

ह्या संस्थांची घटना मोजक्या शब्दांत अशी सांगता येईल. सभासद होताना प्रत्येकाने ठरावीक भांडवल भरावयाचे. ते त्याच्या नावे जमा राहते व नफ्यातोट्याबरोबर वाढते किंवा घटते. मत मात्र भांडवलाला नाही, माणसाला. एका माणसास एकच. सर्व सभासदांची सभा नियामक मंडळ निवडते व ते मंडळ व्यवस्थापक नेमते. म्हणजे ज्याच्या हुकुमाखाली दिवसभर काम करावयाचे, त्याची नेमणूक अखेर आपल्याच मतावर अवलंबून. आरंभी सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या वेतनात तिपटीहून अधिक अंतर नसावे असा दंडक होता. पुढे तो सैल होत गेला. तरी इतर मोठ्या कंपन्यांच्या मानाने हे अंतर आजही अल्पच आहे.

व्हाइट दांपत्याच्या ग्रंथाचा मोठा गुण असा की, ही सारी रचना एखाद्या महात्म्याच्या कृपाप्रसादाने झाली असे ते भासवीत नाहीत. एकेक नियम कोणत्या अडचणीतून जन्मास आला, मंदीच्या काळात सभासदांनी आपल्याच वेतनाला कात्री लावण्याचे कसे ठरविले, एका कारखान्यातील रिकामे हात दुसऱ्यात कसे सामावून घेतले, हे सर्व ते धीराने उलगडून दाखवितात. दोष असा की, त्यांची वाट बहुधा कार्यालयाच्या दारातून आत जाते. संस्था स्वतःविषयी काय म्हणते हे त्यांच्या पानांत स्पष्ट ऐकू येते. यंत्रापाशी उभा असलेला मनुष्य काय पुटपुटतो, ते तितके ऐकू येत नाही.

ते पुटपुटणे ऐकण्यासाठीच जणू कॅसमिरबाई त्या गावी जाऊन राहिल्या. त्यांनी ‘क्लीमा’ हा सहकारी कारखाना व ‘मायक’ हा खाजगी कारखाना ह्यांतील कामकऱ्यांची तुलना केली. सहकारी कारखान्यातील साधा कामकरी तो कारखाना अधिक आपला मानीत असेल, अशी आपली अपेक्षा. ती त्यांस खरी ठरलेली दिसली नाही. कागदोपत्री मालक असलेला मनुष्य मनाने मात्र नोकरच राहिला होता, आणि खाजगी कारखान्यातील त्याच्या बंधूस निदान आपली कामगार संघटना तरी होती. हे निरीक्षण मार्मिक आहे व कोणाही सहकारभक्ताने ते दृष्टिआड करू नये. परंतु आमच्या मते कॅसमिरबाईंच्या तराजूत एक वस्तू पुरेशी वजनदार ठरत नाही, ती म्हणजे उद्याच्या भाकरीची शाश्वती. ज्याने बेकारी पाहिली आहे त्याला हे वजन सांगावे लागत नाही.

दोन्ही ग्रंथांचा कस 1974 च्या संपाच्या प्रकरणी लागतो. कामाची प्रतवारी लावण्यावरून उल्गोरमध्ये संप झाला. मालकच संप करतात, ही गोष्ट चालकांस असह्य झाली व 17 पुढाऱ्यांस काढून टाकण्यात आले. 1978 साली त्यांस परत घेण्याचा निर्णय झाला. व्हाइट दांपत्याच्या लेखी हा वाढत्या संस्थेने पचविलेला एक धडा आहे. कॅसमिरबाईंच्या लेखी तो, हुकूम देणारा व हुकूम पाळणारा हे अंतर मालकी वाटून नाहीसे होत नाही, ह्याचा पुरावा आहे. आम्हांस दोन्ही अर्थ खरे वाटतात. मालकी ही एकदा मिळाली म्हणजे कायमची राहणारी वस्तू नव्हे. सभेत प्रश्न विचारण्याची सवय मोडली की ती हातची जाते.

तथापि दोन्ही ग्रंथ लिहून झाल्यावर काळाने तिसरा अध्याय लिहिला. उल्गोरचाच पुढील अवतार जो ‘फागोर’, तो घरगुती यंत्रांचा मोठा कारखाना 2013 साली दिवाळखोरीत निघाला. सभासदांनी भरलेले भांडवल बुडाले. तरी त्यांपैकी बहुतेकांस भगिनीसंस्थांनी कामावर घेतले किंवा मुदतपूर्व निवृत्ती दिली. ही गोष्ट खरोखर गौरवास्पद आहे. परंतु फागोरने पोलंड, फ्रान्स अशा परदेशांतही कारखाने घेतले होते. तेथील कामकरी सभासद नव्हते, केवळ पगारी नोकर होते. आणि हे आश्रयाचे छत्र त्यांच्या डोक्यावर आले नाही. घराच्या भिंती मजबूत होत्या ह्यात संशय नाही. पण भिंतीबाहेर कोण उभे होते, हेही पाहिलेच पाहिजे.

येथे आम्हांस आपले घर आठवल्यावाचून राहत नाही. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या परिश्रमाने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग महाराष्ट्रात साखरेचा सहकार फोफावला. त्याने शेतकऱ्यास सावकाराच्या व खाजगी कारखानदाराच्या दारातून सोडविले, हे उपकार थोडके नव्हेत. पण त्या सहकारात मालक आहे तो ऊस पिकविणारा. मुकादमाकडून उचल घेऊन, बीडसारख्या जिल्ह्यातून बिऱ्हाड पाठीवर घेऊन येणारे आणि ऊस तोडणारे नवराबायकोचे जोडपे, ज्याला हिशेबात ‘कोयता’ म्हणतात, ते त्या सभेचे सभासद नाही. माणसाचे नाव हत्यारावरून पडावे, ह्यातच सारे आले.

म्हणून ह्या दोन ग्रंथांपासून घ्यावयाचा बोध आमच्या मते एकच आहे. कोणत्याही सहकारी संस्थेची परीक्षा तिच्या नफ्यावरून किंवा सभासदांच्या समाधानावरूनही पुरती होत नाही. तिच्यासाठी राबणाऱ्यांपैकी किती जणांस सभेत हात वर करण्याचा अधिकार आहे, ह्यावरून ती होते. मोंद्रागॉनने ह्या परीक्षेत पुष्कळ गुण मिळविले आणि काही ठळकपणे गमावले. आपण मात्र त्या परीक्षेस अद्याप पुरते बसलोही नाही. उद्या सकाळी चहात साखर ढवळताना ही जाणीव ज्या वाचकास बोचेल, त्याने हे दोन्ही ग्रंथ मिळवून वाचावेत. त्यास ते नीरस वाटणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.