भिंतीवरचे पत्र आणि पाकिटातले पत्र

आमच्या शाळेत हेडमास्तरांच्या खुर्चीमागे एक चौकट टांगलेली आहे. तुमच्याही शाळेत ती असेल. अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिले म्हणून महाराष्ट्रभर प्रसिद्ध असलेले ते पत्र. वसंत बापटांनी ते मराठीत असे काही आणले, की परभाषेतून आल्याची आठवणही राहू नये. स्नेहसंमेलनात ते वाचले जाते, निरोपसमारंभात वाचले जाते, आणि वाचणाऱ्याचा कंठ ठरल्या जागी दाटून येतो. मीही ते दोन-तीनदा वाचले आहे. माझाही दाटला आहे.

अडचण एवढीच, की हे पत्र लिंकनने लिहिल्याचा पुरावा नाही. त्याच्या लेखनाचे खंडच्या खंड छापून झाले. त्यांत ते नाही. पत्र चांगले असले म्हणजे झाले, लिहिणारा कोणी का असेना, असे कोणी म्हणेल. बरीच वर्षे मीही तसेच म्हणत होतो. पण मध्यंतरी दुसरे एक पत्र वाचनात आले, आणि ते शेजारी ठेवून पाहिले तेव्हा भिंतीवरच्या पत्रातली उणीव डोळ्यांत भरली. त्यात माणूसच नाही. मुलाला नाव नाही, मास्तरांना नाव नाही, गाव नाही. मास्तरांनी काय काय शिकवावे याची मोठी सुरेख यादी आहे. त्यांनी आजवर कोणाला काही शिकवले असेल, याची दखल मात्र एका ओळीतही नाही. आणि कामांची ही यादी आम्ही मास्तर मंडळीच हौसेने चौकटीत बसवून डोक्यावर टांगून घेतो!

दुसरे पत्र आल्बेर कामूचे. 1957 च्या ऑक्टोबरात त्याला नोबेल पारितोषिक जाहीर झाले. भोवतीचा गलबला थोडा ओसरू दिला आणि 19 नोव्हेंबरला त्याने अल्जीरियातल्या आपल्या प्राथमिक शाळेच्या मास्तरांना, लुई जेर्मां यांना, पत्र लिहिले. पत्र चिमुकले आहे. पोस्टकार्डावर मावेल एवढे. बातमी कळल्यावर आईच्या पाठोपाठ तुमचीच आठवण झाली, एका गरीब पोरापुढे तुम्ही मायेने हात केला नसता तर यातले काही घडले नसते, आणि वय वाढले तरी मी तुमचा विद्यार्थीच आहे, असा त्याचा आशय. स्टॉकहोमच्या भाषणांचे पुस्तक निघाले तेही त्याने जेर्मां मास्तरांनाच अर्पण केले.

चोखंदळ वाचक विचारील, की या पत्रात तरी तपशील कोठे आहे? प्रसंग एकही नाही. आक्षेप खरा आहे. पण दोन्ही मोकळ्या जागा सारख्या नाहीत. भिंतीवरच्या पत्रात तपशील नाही, कारण तेथे कोणी राहतच नाही. कामूच्या पत्रात तो नाही, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघांनाही तो तोंडपाठ आहे.

आपल्याला तो कळतो कामूच्या अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीतून. 4 जानेवारी 1960 रोजी तो मोटार-अपघातात गेला, तेव्हा हस्तलिखिताची 144 पाने त्याच्याबरोबर होती. मुलीने ती 1994 मध्ये छापली आणि परिशिष्टात ही पत्रे दिली. 'द फर्स्ट मॅन' हे इंग्रजी भाषांतर मी आमच्या नगरवाचनालयातून आणले. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. कोश शेजारी ठेवून महिनाभर वाचत होतो. वर्षाचा होण्याआधीच लढाईत बाप गमावलेला मुलगा, लिहिता-वाचता न येणारी, कानाने अधू, दुसऱ्यांच्या घरची कामे करणारी आई, आणि घर चालवणारी करडी आजी. पोराने लवकर चार पैसे आणावेत हा आजीचा हिशेब. मास्तर घरी जातात, आजीला समजावतात, शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी मुलांना फुकट शिकवतात. वर्गात लढाईवरची कादंबरी वाचून दाखवतात आणि हा पोरका मुलगा ऐकता ऐकता रडतो.

पण कामूची कृतज्ञता आंधळी नाही, म्हणून ती मला पटते. मास्तरांची जाड लाकडी पट्टी आणि तिचा प्रसादही त्याने तपशिलाने सांगितला आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे परीक्षा पास झाल्यावर मुलाला आनंदाबरोबर पोरकेपण जाणवते: गरिबांच्या त्या उबदार जगातून आपल्याला उपटून काढले, आणि पुढे मास्तरही बरोबर नाहीत. शिकवण्याने मूल घराला दुरावते, हे आम्ही मास्तर सहसा बोलत नाही. त्याने ते लिहिले, आणि त्याच मास्तरांचे आभारही मानले.

जेर्मांचे पत्र, 30 एप्रिल 1959 चे, मला कामूच्या पत्राहून सरस वाटते. ते लांबलचक आहे, थोडे विस्कळीत आहे, आणि 'माझ्या बाळा' म्हणावे तशा सुरात सुरू होते. तुझ्या घरची गरिबी तू मला कधी दिसू दिली नाहीस, असे ते म्हणतात. मुलाने आपले सत्य आपणच शोधावे, हा त्याचा हक्क मी जन्मभर जपला, असेही सांगतात. आणि मग शाळांवर येऊ घातलेल्या धार्मिक दडपणाची काळजी करत बसतात. नोबेलवाल्या शिष्यासमोर मास्तर मास्तरच राहिले.

आपल्याकडे मास्तरांवर थोडे लिहिले गेले नाही. पु. ल. देशपांड्यांचे चितळे मास्तर तर घरोघर जाऊन पोहोचले. पण ते सारे वाचकांना सांगितलेले. व्यक्तिचित्र, गौरवग्रंथ, मृत्युलेख, सगळीकडे मास्तर तृतीय पुरुषी! द्वितीय पुरुषी लिहिण्यात धोका असतो. समोरचा उत्तर देतो. 'असे झालेच नव्हते' म्हणू शकतो.

हे मी पुस्तकी बोलत नाही. गेल्या श्रावणात मला असेच एक पाकीट आले. (हल्ली पाकीट आले की आधी बँकेचे असेल असे वाटते.) आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पोरे बरोबर. सुट्टीनंतर हजेरी घेताना ही नावे पुकारायची आणि पुढे जायचे, याची सवय होऊन जाते. पत्र अशाच एका मुलाचे, आता वायरमन झालेल्या. त्याने लिहिले होते: टोळी निघायच्या आदल्या रात्री पावसात तुम्ही घरी आलात. मी गोधडीत तोंड खुपसून पडलो होतो. दाराशी टेकवलेली मोडक्या काडीची छत्री तेवढी दिसली. तुम्ही वडिलांशी दोन तास बोललात, चहा घेतला नाहीत, आजीच्या हातात शंभराची नोट ठेवलीत. सकाळी वडील म्हणाले, तुझ्या वर्गाच्या मास्तरांमुळे तू राहतोयस. ट्रॅक्टर गेला तेव्हा मी रडलो, आणि तुमचा रागही आला. आता नाही.

वर्गशिक्षक मी होतो, हे खरे. पण त्याच्या घरी मी गेलो नव्हतो. मोडक्या काडीची छत्री सबंध शाळेला ठाऊक होती. ती आमच्या चित्रकलेच्या मास्तरांची. बहुधा ते माझे नाव पुढे करून गेले असावेत, बापाने ऐकावे म्हणून. मी त्या दिवसांत एवढेच केले होते, की त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडत होतो. मग तो एके दिवशी वर्गात येऊन बसला, आणि मी कारण विचारले नाही.

छत्रीचा आणि नोटेचा उल्लेख नसता, नुसतेच 'आपले अनंत उपकार' असते, तर हे पत्र मी खुशाल ठेवून घेतले असते. कदाचित चौकटीतही बसवले असते.

तीन महिने ते माझ्या खणात आहे. चित्रकलेचे मास्तर निवृत्त होऊन गावातच असतात. नजर मंदावली आहे, तेव्हा पत्र मलाच वाचून दाखवावे लागेल. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जायचे ठरवले आहे. त्या मुलाला उत्तर त्याआधी टाकावे की नंतर, हे अजून ठरत नाही.