मुलाला दोन महिने, सरकारला नऊ वर्षं

तिसरीतल्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत, 9999 पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात, गुणाकाराची सोपी उदाहरणं सोडवावीत. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानातली ही लक्ष्यं. देशभर ती 2026-27 पर्यंत गाठायची आहेत. महापालिकांच्या, साधनं अपुरी असलेल्या शाळांना असे राष्ट्रीय निकष लावणं न्याय्य आहे का, हा आजचा आपला प्रश्न.

एक गोष्ट आधीच मान्य करू. निकष हवेत. वस्तीतल्या मुलाला 'तुला चाळीस शब्द पुरे' असं सांगणं म्हणजे त्याचा हक्क मारणंच. तेव्हा आमची तक्रार साठ या आकड्याबद्दल नाही. तो चुकला की कुणाच्या नावावर मांडायचा, याबद्दल आहे.

कारण आणखी एक साठचा आकडा आहे, तो आपण विसरतो. शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची काढून बघा. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. प्रत्येक शिक्षकाला वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, ग्रंथालय, मैदान. वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन. हेही राष्ट्रीय निकषच की! पण ते सरकारने पाळायचे आहेत.

आता शहरातली शाळा डोळ्यांसमोर आणा. एकट्या मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात. बांधकामाच्या साइटबरोबर फिरणाऱ्या कुटुंबातलं मूल मध्येच येतं आणि कायद्याप्रमाणे वयानुरूप वर्गात बसतं. ते योग्यच आहे. पण त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये त्याच्यासाठी विशेष प्रशिक्षणही सांगितलंय. ते द्यायला माणूस नसेल तर मूल नुसतं वर्गात बसून राहतं, आणि चाचणीच्या दिवशी मात्र सगळ्यांबरोबर मोजलं जातं. शिवाय जनगणना, आपत्ती आणि निवडणूक या कामांना शिक्षक पाठवायला कलम 27 मुभा देतं. तेवढे तास बुडतात ते याच मुलांचे.

मुदतींचा हिशेब तर बघण्यासारखा आहे. कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. अपात्र शिक्षकांना पात्रता मिळवायला आधी 2015 पर्यंत मुदत होती. 2017 च्या दुरुस्तीने ती 31 मार्च 2019 पर्यंत वाढवली. म्हणजे नऊ वर्षं. त्याच 2019 साली दुसरी दुरुस्ती आली. पाचवी-आठवीत नापास झालेल्या मुलाची निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची, आणि तरीही जमलं नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवायचं की नाही, हे राज्य सरकार ठरवू शकतं. मुलाला दोन महिने, व्यवस्थेला नऊ वर्षं!

खासगी शाळेने अनुसूचीतले निकष पाळले नाहीत, तर कलम 19 प्रमाणे तिची मान्यता जाते. पालिकेच्या शाळेला अशी मान्यताच लागत नाही. तिथे खोल्या कमी पडल्या तर जबाबदार कोण? त्या कलमात उत्तर सापडत नाही.

कुणी म्हणेल, नुसत्या पैशाने शिक्षण होतं का हो? नाही होत. चांगला खर्च करणाऱ्या पालिकांच्या शाळांतही मुलं मागे राहतात, हे आपण पाहतो. पण पाण्याने एकट्याने पीक येत नाही म्हणून कुणी विहीर बुजवत नाही. कोठारी आयोगाने 1966 मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाची शिफारस केली. 2020 च्या धोरणाने सहा टक्क्यांचंच लक्ष्य पुन्हा लिहिलं. गाठलं अजून कुणी नाही.

आणि परिस्थिती बघून निकष लावता येत नाहीत, असंही नाही. 2022 च्या पायाभूत अध्ययनाच्या पाहणीत एनसीईआरटीने वाचनाचे टप्पे भाषेनुसार वेगवेगळे ठरवले. भाषांमधला फरक जर मान्य होतो, तर शाळांच्या साधनांमधला फरक निदान नोंदवायला काय हरकत आहे?

म्हणून आमचं मागणं साधं आहे. मुलासाठी निकष एकच राहू दे. पण शाळेचा निकाल जाहीर कराल तेव्हा त्याच पानावर अनुसूचीचा निकालही छापा: शिक्षक किती हवे होते, किती होते, खोल्या किती, शिकवण्याचे तास किती भरले. पालकांना दोन्ही रकाने एकत्र वाचू द्या. नापास कोण झालं, ते त्यांचं ते ठरवतील.