पळालेली ठेव

जॉर्जेट हेयरबाईंची 'द कॉरिन्थियन' (१९४०) ही कादंबरी म्हणजे एका पळालेल्या ठेवीची गोष्ट. काळ इंग्लंडातल्या रीजन्सीचा. सतरा वर्षांची, गडगंज इस्टेटीची वारस पेन क्रीड केस कापून, मुलाच्या कपड्यांत, रात्री खिडकीतून उतरते ती थेट सर रिचर्ड विंडमच्या हातात. हे गृहस्थ पुरते झिंगलेले. नको असलेल्या मुलीला मागणी घालायची पाळी आलीय ना! निघाली दोघं स्टेजकोचमधून.

पुढं चोरीचा हिऱ्यांचा हार, एक खून, आणि पेनला आपल्या लेकीचा प्रियकर समजून लालबुंद होणारे एक मेजरसाहेब. आमच्या बँकेत सहीचा एक फाटा हलला तरी चेक परत. तिथं गळ्याच्या क्रॅव्हॅटची गाठ नीट बसली की माणूस पास!

गंमतीच्या तळाशी हिशेब मात्र रोखठोक. त्या काळच्या कायद्यानं लग्न झालं की बायकोचा पैसा सहसा नवऱ्याच्या खात्यात. म्हणून तर पेनला सांभाळणाऱ्या बाई आपल्या मासळीतोंड्या चिरंजीवांशी तिची गाठ मारायला टपलेल्या. रिचर्डच्या होणाऱ्या सासरचाही डोळा त्याच्या तिजोरीवरच.

खून झालेल्या पोरासाठी कुणी धड दोन टिपं गाळत नाही, ही हेयरबाईंची उधारी. पण लग्नात मुलीला स्वतःचं मत हवं असेल, तर तिनं आधी मुलगा व्हावं लागतं, हे इतकं हसवत कोण सांगतो हो?