शेपूट तुटलेले ग्रंथ

जुनी मराठी पुस्तके घरबसल्या वाचायला मिळू लागली, याचे मोठे श्रेय 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'ला द्यायला हवे. पण तिथे पुस्तक ठेवण्याची रीत अजब होती. प्रत्येक पान म्हणजे एक स्वतंत्र चित्र-फाईल. चारशे पानांचे पुस्तक हवे, तर चारशे फाईली उतरवा! मधले एक पान आले नाही तर ते कळायचे कसे? ते संकेतस्थळ पुढे बंद पडले. आज त्यातली लाखो पुस्तके 'इंटरनेट आर्काइव्ह'वर अखंड पीडीएफच्या रूपात मिळतात. पुण्याच्या गोखले संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानेही आपले जुने ग्रंथ व अहवाल पीडीएफ रूपातच खुले केले आहेत.

अखंड फाईल सोयीची खरी, पण तिची अडचण वेगळी. फाईल ३०० मेगाबाइटची आणि जोडणीचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल, तर किती वेळ लागेल? एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे २४०० भागिले २ : १२०० सेकंद, वीस मिनिटे. एकोणिसाव्या मिनिटाला वीज गेली की 'फाईल खराब आहे' असा संदेश येतो. इतकी पाने आली, ती तरी दिसावीत ना? पण कोणते पान कुठे आहे याची सूची पीडीएफमध्ये बहुधा शेवटी असते. शेपूट तुटले की सूचीच गेली. झिप फाईलीचेही तसेच. उलट फाईल जेमतेम काही किलोबाइटची भरली, तर ती नोटपॅडमध्ये उघडून पाहा. पुस्तकाऐवजी बहुधा चुकीची सूचना देणारे पान उतरलेले असते.

तुटले तिथून पुढे सुरू करण्याची सोय एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीत १९९७ सालीच आली. तरी कित्येक संग्रहांचे सर्व्हर पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. ही माझी मुख्य तक्रार. दुसरी तक्रार अशी, की फाईल नेमकी किती बाइटची आणि तिचा पडताळा-अंक काय, हे बहुतेक संग्रह छापत नाहीत. 'इंटरनेट आर्काइव्ह' दोन्ही देते, शिवाय टॉरेंटही देते. पण सामान्य वाचकाला सापडणार नाही अशा यादीत! विंडोजमधील 'सर्टयुटिल' या आदेशाने आपल्या फाईलीचा अंक काढून तो ताडून पाहता येतो.

एवढे करून फाईल शाळेत न्यायची, तर पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा नाही ना, हे आधी पाहावे. त्यावर ४ गिगाबाइटहून मोठी फाईल मावत नाही, मग तो कितीही मोठा असो.