‘सहकारी’ या शब्दाचें प्रमाण

महाराष्ट्रांतील उद्योगांच्या इतिहासाविषयीं लिहितांना ‘सहकारी’ म्हणजे श्रमिकांच्या मालकीचा, असें सरसकट गृहीत धरण्याची चाल पडली आहे. ती पुराव्यास उतरत नाहीं. प्रवरानगरचा साखर कारखाना १९५० सालीं सुरू झाला. त्याचे भागधारक ऊस पिकविणारे शेतकरी होते. गाळप करणारा कामगार पगारी नोकरच राहिला. यानें त्या कार्यास उणेपणा येत नाहीं. परंतु त्यास कामगारांची सत्ता म्हणतां येत नाहीं.

कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचें उदाहरण मात्र अस्सल होय. बंद पडलेला हा कारखाना चालविण्याच्या कामगारांच्या योजनेस सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालीं मान्यता दिली, व पुढील वर्षीं त्यांच्या सहकारी संस्थेनें तो हातीं घेतला. नंतरच्या दशकांत तो पुन्हा अडचणींत आला. यावरून कामगारांस कारभार साधत नाहीं, असा निष्कर्ष काढणारे एक गोष्ट विसरतात: तोच कारखाना खासगी मालकांच्या हातून आधींच बंद पडला होता.

मग आर्थिक स्वातंत्र्याची कसोटी कोणती? कल्याणहून खाडी ओलांडून कोनवरून पुढें गेलें म्हणजे भिवंडीचे यंत्रमाग लागतात. तेथील पुष्कळ मागमालक दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनें कापड विणतात. माग त्यांचा, सूत व्यापाऱ्याचें आणि कापडही त्याचेंच. मजुरीचा दर घटला कीं त्याची झळ अखेर माग चालविणाऱ्या कामगारास लागते. उद्यां हे माग कामगारांच्या नांवें चढविले, तरी सूत व बाजार परक्या हातीं असेतों त्यांची स्थिति आजच्या मागमालकाहून फारशी निराळी होणार नाहीं.

याउलट, गिरगांवांत १९५९ सालीं सात स्त्रियांनीं ऐंशी रुपयांच्या कर्जावर आरंभिलेला लिज्जत पापडाचा उद्योग पाहावा. तेथें भिजविलेलें पीठ संस्था देते, विक्रीही संस्थाच करिते, आणि लाटणारी भगिनी त्या संस्थेची मालक-सभासद असते. लाटणें ज्यांच्या हातीं, पीठ व पेठही त्यांच्याच संस्थेच्या हातीं.

तेव्हां अभ्यासकांनीं संस्थेच्या नांवाशींच न थांबतां मत कोणाचें, कच्चा माल कोणाचा व विक्रीचा भाव कोण ठरवितो, या तिन्ही गोष्टी पडताळाव्या. तोंवर ‘कामगारांची मालकी’ हा शब्दप्रयोग जपूनच करावा.